वार्धक्यातील दीर्घकालीन दाह आणि क्षीणता

उतारवयात अनेकांच्या रक्तात दाहकारक द्रव्यांची पातळी थोडी चढलेलीच राहते. जखम नसते, ताप नसतो, सूजही दिसत नाही. या मंद, न शमणाऱ्या दाहाला इटालियन शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. डॉक्टर जिला फ्रेल्टी म्हणतात, त्या क्षीणतेशी त्याचा जवळचा संबंध आढळतो. क्षीणता म्हणजे शरीराची राखीव ताकद आटणे. साधे जुलाब किंवा रक्तदाबाची नवी गोळी एवढ्यानेही असा माणूस अंथरूण धरतो आणि पूर्वपदावर यायला महिने लागतात.

अमेरिकेतील लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये क्षीणतेच्या पाच खुणा ठरवल्या: वर्षभरात नकळत साडेचार किलो किंवा पाच टक्के वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन किंवा अधिक खुणा असल्या तर क्षीणता, एक-दोन असल्या तर तिची पूर्वावस्था. त्यांनी पाहिलेल्या ६५ वर्षांवरील अमेरिकनांपैकी सुमारे सात टक्के क्षीण होते. मात्र आपल्याकडे वजन घटले की आधी क्षयरोग, मधुमेह, थायरॉईड आणि नैराश्य तपासायला हवे. ‘वय झालं’ म्हणून सोडून देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक.

या दाहात इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही द्रव्ये आघाडीवर असतात. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त बनवते. तेच रक्ततपासणीत दिसते. शिवाय लोहाचा पुरवठा रोखणारे यकृतातले हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते, लोह साठ्यातच अडकून पडते आणि लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय होतो. स्नायूंमधली प्रथिने झिजतात जास्त, भरून निघतात कमी. भूकही मंदावते. मग माणूस कमी खातो, कमी चालतो, स्नायू आणखी झिजतात.

हा दाह येतो अनेक वाटांनी. विभाजन थांबलेल्या पण न मरणाऱ्या म्हाताऱ्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडत राहतात. हिरड्यांचे जुने दुखणे आणि पोटातली चरबी यांचाही हातभार असतो. चरबीबाबत अंगकाठीवर विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. सडपातळ मराठी आजोबांनी निर्धास्त राहू नये, ते यामुळेच.

वय आणि दाह यांची ही जोडी सर्वत्र सारखी नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत इटली आणि सिंगापूरच्या लोकांत वयाबरोबर दाह वाढलेला दिसला. बोलिव्हियातील त्सिमाने आणि मलेशियातील ओरांग अस्ली या आदिवासींत तसा नमुना आढळला नाही. म्हणजे या दाहाचा बराचसा भाग वयाचा नसून राहणीचा असावा.

दाह हे क्षीणतेचे कारण की केवळ सोबती, हा वाद मिटलेला नाही. नुसता दाह दाबणारे औषध देऊन क्षीणता हटल्याचा पुरावा नाही. अमेरिकेतील एका चाचणीत लोसार्टन हे रक्तदाबाचे औषध आणि माशाचे तेल यांनी ना इंटरल्यूकिन-६ घटले, ना चाल सुधारली. दाह दाबणाऱ्या कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह हे शरीराचे संरक्षणही आहे, याचा विसर पडला की असे होते. हळदीच्या कॅप्सूल विकणाऱ्यांचे दावे तर पुराव्याच्या फार पुढे धावतात.

भरवशाचा उपाय व्यायामाचा आहे. ‘लाइफ’ या चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांपैकी निम्म्यांना चालणे, ताकदीचे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव दिला गेला. ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका त्यांच्यात १८ टक्क्यांनी कमी राहिला. ज्येष्ठांना रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच. रात्री नुसत्या मऊ भातावर भागवणाऱ्या घरांत एवढी प्रथिने पोटात जात नाहीत. पण नुसते खाऊ घालणेही पुरत नाही. मारिया फियातारोने यांनी १९९४ मध्ये बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातील सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर प्रयोग केला. दहा आठवडे वजने उचलणाऱ्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. व्यायामाविना केवळ पूरक आहार घेणाऱ्यांची वाढली नाही.