केस गळतात की चाटून निघतात?

मांजराच्या पोटावरून हात फिरवताना एक दिवस केसांऐवजी गुळगुळीत कातडीच हाताला लागते. जखम नाही, पुरळ नाही, खाणंपिणं नेहमीसारखं. केस गळायला लागले म्हणून आपण पशुवैद्याकडे धावतो. ते विचारतात, "फार चाटतं का?" आपण ठामपणे नाही म्हणतो, कारण आपण ते पाहिलेलंच नसतं. पुष्कळ मांजरं एकटी असतानाच चाटत बसतात.

मग टकलाच्या कडेचे चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले जातात. आपोआप गळणाऱ्या केसाचं टोक निमुळतं असतं. चाटून तुटलेला केस मात्र झिजलेल्या केरसुणीच्या हिरासारखा, टोकाला बोथट आणि फाटलेला. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले शेकडो काटे असतात, आपल्या नखांसारखेच केराटिनचे. अशी जीभ रोज एकाच जागी फिरत राहिली तर तिथे केस टिकणार कसे?

इथे बरेच जण "टेन्शन आलंय त्याला" म्हणून मोकळे होतात. मला ही घाई मांजरावर अन्याय करणारी वाटते. मानसिक कारणाने केस काढत असावीत असा संशय असलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी केली गेली; तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १६ मांजरांना खाज सुटण्याचं शारीरिक कारण निघालं. निव्वळ मानसिक कारण होतं फक्त दोघांना.

खाजेमागे अनेकदा पिसवा असतात. त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात, आणि पिसू शोधून सापडत नाही, कारण मांजराने ती चाटता चाटता गिळलेली असते. शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पण म्हणून कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका! अशा अनेक औषधांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाही. झटके येऊन जीव जाऊ शकतो.

खाद्याची अ‍ॅलर्जीही असू शकते. ती ओळखायला निवडक आहारावर साधारण आठ आठवडे काढावे लागतात. गजकर्णाची बुरशी मात्र केसच पोखरते, आणि ती माणसालाही लागते. फक्त ओटीपोटच चाटलं जात असेल तर मूत्राशयाचं दुखणंही तपासून घ्यावं.

चाटून गेलेल्या केसांची मुळं बहुतेकदा शाबूत असतात. खाज थांबली की काही आठवड्यांत त्याच गुळगुळीत कातडीवर मखमलीसारखी लव बोटांना जाणवू लागते.