बारावीला जीवशास्त्र नव्हतं, तरी आरोग्य क्षेत्रात जायचंय? घरी राहून पाया भरण्याची पद्धत, पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन किंवा डॉक्टर व्हायचं ठरवलेली अनेक मुलंमुली एकाच ठिकाणी अडकतात, ते म्हणजे बारावीचे विषय. कुणी कॉमर्स घेतलेलं असतं, कुणी विज्ञानाला जाऊन जीवशास्त्र सोडलेलं असतं. कुणाचं शिक्षण दहावीनंतर लग्नामुळे किंवा घरच्या परिस्थितीमुळे थांबलेलं असतं. पुन्हा कॉलेजात जाऊन बसणं शक्य नसतं, म्हणून सगळे एकच विचारतात: हे ऑनलाइन करता येतं का?

पाया ऑनलाइन भरता येतो आणि पात्रतेसाठी लागणारा विषयही घरी राहून पूर्ण करता येतो. प्रत्यक्ष आरोग्य व्यवसायाची पदवी किंवा पदविका मात्र ऑनलाइन मिळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे आणि वर्षं दोन्ही जातात, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो.

केंद्राने 2021 साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, रेडिओलॉजी, ऑप्टोमेट्री, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञान, आहारशास्त्र असे पन्नासहून अधिक व्यवसाय त्याखाली येतात. संलग्न आरोग्य व्यावसायिकाची पदविका किंवा पदवी किमान 2000 तासांची आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान 3600 तासांची असली पाहिजे, असं या कायद्यातच लिहिलेलं आहे. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढचं पाऊल टाकलं. या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून बंदी घातली आणि मानसशास्त्रालाही त्यात धरलं. तेव्हा ‘घरबसल्या सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशी जाहिरात दिसली तर फोनसुद्धा करू नका. सुई टोचणं, रुग्णाला कुशीवर वळवणं, रक्ताचा नमुना न बिघडवता घेणं या गोष्टी पडद्यावर पाहून येत नाहीत, आणि अर्धवट शिकलेल्या हाताची किंमत रुग्ण मोजतो.

आधी ठरवा, कुठे जायचंय

तुम्हाला जीवशास्त्र खरोखरच लागणार आहे का, हे फॉर्म भरण्याआधी पाहा. बऱ्याच जणांना ते लागत नाही आणि त्यांना ते कुणी सांगत नाही.

एएनएम हा दोन वर्षांचा आणि जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंग अभ्यासक्रम. जीएनएमसाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार बारावी उत्तीर्ण, किमान 40 टक्के गुण आणि इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. विज्ञान शाखेला पसंती असली तरी सक्ती नाही. वयाची मर्यादा 17 ते 35. म्हणजे कला शाखेतून बारावी झालेली आणि आता एका मुलाची आई असलेली 28 वर्षांची बाईसुद्धा जीएनएमला जाऊ शकते. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करून पदवीपर्यंतही पोहोचता येतं. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा बारावीचे विज्ञान विषय देण्याआधी या वाटेचा विचार जरूर करावा. मला ती जास्त सरळ वाटते.

थेट बीएस्सी नर्सिंगसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, सर्वसाधारण प्रवर्गाला 45 टक्के गुणांसह. परिषदेच्या निकषात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, विज्ञान विषय आणि इंग्रजी घेऊन बारावी झालेल्यांचा पात्र म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. एमबीबीएस, बीडीएस आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या पदव्यांचा रस्ता ‘नीट’ या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जातो. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. डी. फार्म, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेसाठी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक विषय चालतो, म्हणजे गणित घेतलेल्यांना तिथे अडचण नाही.

नीटबद्दल जुनी भीती अजून लोकांच्या मनात आहे. मुक्त विद्यालयातून जीवशास्त्र केलं किंवा ते बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलं तर डॉक्टर होता येत नाही, असं आजही सांगितलं जातं. ती स्थिती बदलली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 22 नोव्हेंबर 2023 रोजी सूचना काढून बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांना नीटला बसण्याची मुभा दिली. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा प्रश्नही 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने मिटला. बाकीच्या अभ्यासक्रमांसाठी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत जादा विषयाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि त्या पानाची प्रत काढून फाइलला लावून ठेवा. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ते पान उपयोगी पडतं.

शिकण्याची सोय वेगळी, परीक्षेची वेगळी

केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ जुलै 2017 मध्ये सुरू झालं. त्यावर अकरावी-बारावीचं जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र विनाशुल्क शिकता येतं. व्हिडिओ व्याख्यानं, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा अशी चार अंगं प्रत्येक अभ्यासक्रमाला असतात. ईमेलने खातं उघडायचं, शालेय विभागातला विषय निवडायचा आणि नाव नोंदवायचं, एवढंच. कागदपत्रं लागत नाहीत. पण स्वयम्‌वर जीवशास्त्र शिकलात म्हणजे बारावीचं जीवशास्त्र उत्तीर्ण झालात असं होत नाही. प्रवेशाला लागते ती मंडळाची गुणपत्रिका.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक करावं. अकरावी-बारावीच्या विज्ञानाचं साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत मिळतं, आणि कित्येक जण विषय अवघड म्हणून नाही तर भाषेमुळे सोडून देतात. म्हणून सुरुवात बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग 2 पासून करा. आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, सामाजिक आरोग्य हे पाठ त्यात मराठीत आहेत आणि पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. पेशी, अभिसरण, संप्रेरक या गोष्टी मराठीत समजल्या की त्यांची इंग्रजी नावं लक्षात ठेवणं फार जड जात नाही. मराठी नाव, इंग्रजी नाव आणि एक छोटं चित्र अशी वही ठेवा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र सुरू होतं, तेव्हाही तीच वही कामाला येते. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, हेही ध्यानात असू द्या.

एनआयओएसचा अर्ज

एनआयओएस ही केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था, स्थापना 1989 ची, मुख्यालय नोएडात आणि महाराष्ट्रासाठी विभागीय केंद्र पुण्यात. नावात ‘ओपन’, ‘नॅशनल’, ‘बोर्ड’ असे शब्द असलेल्या, पण मान्यता नसलेल्या मंडळांचा सुळसुळाट आहे. म्हणून पत्ता एनआयओएस डॉट एसी डॉट इन असाच असल्याची खात्री करूनच पुढे जा.

तुमची परिस्थिती पाहून प्रवेशाचा प्रकार निवडायचा असतो. बारावी झालेली असून फक्त जीवशास्त्र किंवा आणखी एक-दोन विषय हवे असतील, तर ‘पार्ट अ‍ॅडमिशन’ घ्या. यात एक ते चार विषय घेता येतात. शेवटी त्या विषयांची फक्त गुणपत्रिका मिळते, बारावी उत्तीर्णचं प्रमाणपत्र मिळत नाही. ते तुमच्याकडे आधीचं असतंच, दोन्ही एकत्र दाखवायचे. दहावीनंतर शिक्षण थांबलेलं असेल तर पूर्ण बारावीसाठी पाच विषयांचा प्रवेश घ्यावा लागतो. त्यात किमान एक भाषा हवी, आणि तुम्हाला आरोग्य क्षेत्रात जायचं असल्याने ती इंग्रजीच ठेवा. वय किमान 15 आणि दहावी उत्तीर्ण असणं आवश्यक. दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्यात दोन वर्षांचं अंतर असल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. अनेक वर्षं खंड पडलेल्यांना हा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीत काही विषयांत नापास झालेल्यांना, उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे गुण इकडे वळवून घेता येतात.

विषयांचे क्रमांक लक्षात ठेवा: इंग्रजी 302, भौतिकशास्त्र 312, रसायनशास्त्र 313, जीवशास्त्र 314. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांना या सवलतीचा मोठा आधार आहे.

अर्ज भरताना सर्वांत जास्त विचार अभ्यासकेंद्राच्या निवडीचा करा. यादीतलं घराजवळचं केंद्र डोळे मिटून निवडू नका. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला प्रात्यक्षिकं आहेत. केंद्रावर प्रयोगशाळा आहे का, संपर्क वर्ग खरोखर होतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला. शिवाय केंद्र महाराष्ट्रातच असू द्या. राज्याच्या कोट्यातून एमबीबीएससारख्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असावी, अशी अट असते. ‘पासिंगची खात्री’ म्हणत परराज्यातलं केंद्र सुचवणारे एजंट भेटतात. त्यांचं ऐकलं तर गुणपत्रिका हातात येईल आणि राज्य कोट्याच्या 85 टक्के जागांवरचा हक्क जाईल.

कागदपत्रं

यादी लांब नाही: फोटो, सही, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, पार्ट अ‍ॅडमिशनसाठी बारावीची गुणपत्रिकाही. फी सवलत हवी असल्यास जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा दिला तर पुढचे सगळे ओटीपी आणि सूचना त्याच्याकडे जातील.

खरी अडचण नावाची असते. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, आधारवर ते शेवटी असतं, आणि लग्न झालेल्या मुलींचं आधारवर सासरचं नाव असतं. अर्जात नाव, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे अक्षरशः तशीच लिहा. सासरच्या नावाने फॉर्म भरू नका. दोन गुणपत्रिकांवर दोन नावं आली की प्रवेशाच्या वेळी ती व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करत फिरावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. नाव कायमचं बदलायचं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आधी करून घ्या. नॉन-क्रीमीलेयर आणि जात पडताळणीचे दाखले पुढे राज्याच्या प्रवेशफेरीत लागतात आणि त्यांना वेळ लागतो, तेव्हा ते काम अभ्यासाच्या वर्षातच सुरू करा.

वेळापत्रक

सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी नोंदणी साधारण आदल्या वर्षीच्या 16 मार्च ते 31 जुलैदरम्यान आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी 16 सप्टेंबर ते 31 जानेवारीदरम्यान चालते. त्यानंतर विलंब शुल्क पडतं. पुढच्या जून-जुलैत प्रवेश घ्यायचा असेल तर मी ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा धरायला सांगेन. निकाल वेळेवर हातात येतो आणि एखादा विषय राहिला तरी एप्रिलची संधी उरते.

प्रवेश फी भरली म्हणजे परीक्षेची फी भरली असं नाही. ती प्रत्येक विषयासाठी वेगळी, ठरलेल्या मुदतीत, स्वतःच्या लॉगिनमधून भरायची असते. प्रात्यक्षिकाची वेगळी आकारतात. दुसरं विसरलं जाणारं काम म्हणजे स्वाध्याय, म्हणजेच टीएमए. त्यांना 20 टक्के भार असतो आणि ते मुदतीत ऑनलाइन सादर करावे लागतात. स्वतः लिहा. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के पुरतात, पण बीएस्सी नर्सिंगला 45 आणि नीटनंतरच्या एमबीबीएस प्रवेशाला सर्वसाधारण प्रवर्गाला 50 टक्के लागतात, त्यामुळे हे गुण सोडण्यासारखे नाहीत.

निकालानंतर डिजिलॉकरवर गुणपत्रिका मिळते, पण प्रवेशाच्या वेळी मूळ प्रत मागतात. पूर्ण बारावी केलेल्यांनी सोबतचं स्थलांतर (मायग्रेशन) प्रमाणपत्र लॅमिनेट करू नये, कारण पुढचं महाविद्यालय ते मूळ स्वरूपात जमा करून घेतं. पार्ट अ‍ॅडमिशनवाल्यांनी आधीच्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र शोधून ठेवावं. ते कधीच काढलेलं नसेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि प्रवेशफेरीच्या आठवड्यात तिथे मोठी रांग असते.