झेब्रा माशांचे दुर्मिळ रंग: जोडी घेण्याआधी हे वाचा

पट्ट्यांचे झेब्रा आणि ठिपक्यांचे लेपर्ड एकाच टाकीत का ठेवलेत, असं दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी विचारतं. ते एकाच जातीचे आहेत म्हणून. यात भल्याभल्यांचा गोंधळ झालेला आहे. 1963 साली लेपर्डला वेगळी जात समजून वेगळं शास्त्रीय नावही दिलं गेलं होतं. पुढे दोघांची वीण करून पाहिली तेव्हा कळलं की हा झेब्राच, फक्त एका जनुकात बदल झालेला.

झेब्रा हा मूळचा भारतीय उपखंडातला मासा. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कोसी नदीतल्या झेब्राची पहिली शास्त्रीय नोंद आहे. त्याच्या ‘झेब्रा डॅनिओ’ या पूर्ण नावातलं ‘डॅनिओ’ हे बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला मासा यावरून आलंय. साध्या झेब्राकडे स्वस्तातला मासा म्हणून पाहिलं जातं, याचं आम्हाला वाईट वाटतं. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचे निळे पट्टे एकदा नीट पाहा.

हे पट्टे तीन प्रकारच्या पेशींनी बनतात: काळ्या, पिवळ्या आणि चकाकणाऱ्या. पिल्लू वाढत असताना या पेशी एकमेकींना ढकलतात, ओढतात आणि आपापल्या जागी बसतात. लेपर्डमध्ये शेजारच्या पेशींशी संपर्क ठेवणारी वाटच सदोष असते, म्हणून पट्टा सलग राहत नाही, तुटून ठिपके होतात. रंग तेच, मांडणी वेगळी.

सोनेरी झेब्रात काळा रंगकण कमी आणि बारीक असतो, त्यामुळे पट्टे फिकट दिसतात आणि अंगाचा पिवळेपणा उठून येतो. या माशामुळे एक मोठा शोध लागला. 2005 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सोनेरी झेब्राचं जनुक शोधून काढलं आणि तेच जनुक माणसातही सापडलं. युरोपातल्या आणि आपल्याकडच्याही पुष्कळ लोकांच्या उजळ वर्णामागे त्याच जनुकातला एक बदल आहे. अल्बिनो हा आणखी वेगळा प्रकार. त्यात काळा रंग तयारच होत नाही, डोळे लालसर दिसतात.

आता सगळ्यात जास्त तक्रार येते त्या गोष्टीबद्दल. ‘लेपर्ड नेला होता, पिल्लं सगळी पट्ट्यांची निघाली.’ सुरुवातीला आमच्याकडूनही ही चूक झाली. एका ताईंना आम्ही लेपर्ड नर आणि पट्ट्यांची मादी ‘जोडी’ म्हणून दिली. दीड महिन्याने त्या फोटो घेऊन आल्या, एकाही पिल्लाला ठिपका नाही. दोष माशांचा नव्हता, आम्ही नीट सांगितलं नव्हतं.

लेपर्ड आणि सोनेरी हे दोन्ही गुण अप्रभावी आहेत. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आले तरच दिसतात. एकाकडूनच आला तर पिल्लू पट्ट्यांचंच दिसतं, पण गुण आत दडून राहतो. त्या ताईंची पिल्लं तशीच होती. त्यांचीच आपसात वीण केली तर सरासरी चारात एक पिल्लू ठिपक्यांचं निघतं. चार पिल्लांत एक हमखास निघेलच असं मात्र नाही. शंभर पिल्लं वाढवलीत तर पंचवीसच्या आसपास. ठिपके आणि सोनेरी रंग दोन्ही एकाच माशात हवे असतील, तर अशा दुहेरी संकरात हिशोब सोळात एकावर जातो. सोनेरी लेपर्ड महाग का, ते यावरून लक्षात येईल: बाकीची पंधरा पिल्लंही तेवढंच खातात. लांब परांचं उलट आहे. तो गुण प्रभावी, त्यामुळे आईबापांपैकी एक लांब परांचा असला तरी पिल्लांत उतरतो.

म्हणून वीण करायची असेल तर आधी सांगा. मग आम्ही दोन्ही मासे एकाच रंगाचे, पण शक्यतो वेगवेगळ्या विणीतले देऊ. नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक असलेला. मादी पोटाला भरलेली, चंदेरी.

टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरा. झेब्रा उजाडताना अंडी टाकतात आणि लगेच स्वतःच खायला धावतात. गोट्यांच्या फटीत गेलेली अंडी वाचतात. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं आणि पारदर्शक. साध्या भिंगाने पाहिलंत तर दुसऱ्या दिवशी आत डोळे दिसतात, शेपटी हलताना दिसते. घरात मूल असेल तर त्याला हे नक्की दाखवा. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर साधारण तिसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पट्टे की ठिपके हे कळायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा.

गुलाबी, जांभळे, पोपटी ‘रेअर’ मासे आमच्याकडे का नाहीत, हेही विचारलं जातं. त्यातले काही सुईने रंग टोचलेले असतात. आपल्याच देशातल्या पारदर्शक ग्लास फिशवर हा प्रकार वर्षानुवर्षं होत आला आहे. सुईच्या जखमेने मासा आजारी पडतो आणि काही महिन्यांत रंगही उतरतो. ठळक, अंगावर चिकटवल्यासारखा डाग दिसला तर घेऊ नका.

निळ्या दिव्याखाली लखलखणारे झेब्रा वेगळे. त्यांच्यात जेलीफिश किंवा प्रवाळाचं जनुक घातलेलं असतं. अमेरिकेत ते 2003 च्या अखेरीस विक्रीला आले. आपल्याकडे जनुकबदल केलेल्या सजीवांना 1989 च्या नियमांनुसार परवानगी लागते. आम्ही ते ठेवत नाही, मागवूनही देत नाही. ब्राझीलमध्ये असे मासे टाक्यांतून निसटून ओढ्यांत वाढताना सापडले आहेत. तिथे झेब्रा परका तरी आहे. आपल्याकडे त्याचे जंगली भाऊबंद नद्या-ओढ्यांत आहेत आणि त्यांच्याशी संकर व्हायला वेळ लागणार नाही.

रंग कोणताही असो, झेब्रा एकटा ठेवू नका. किमान सहा, टाकी दोन फुटांची, वर झाकण. उडी मारतो हा मासा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच पाणी भरा.

पिल्लं जास्त झाली, टाकी बंद करायची वेळ आली किंवा बदलीमुळे गाव सोडावं लागलं, तरी मासे विहिरीत, तळ्यात, ओढ्यात सोडू नका. पिशवीत निम्मं पाणी, निम्मी हवा ठेवून दुकानात आणा. आमच्याकडून नेलेले असोत वा नसोत, आम्ही ठेवून घेतो.