अमेरिकेत ख्रिस्ती धर्म मेफ्लॉवरने आणला का?

'१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रज प्रॉटेस्टंटांनी अमेरिकेत ख्रिस्ती धर्म आणला आणि सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिलं,' असा मजकूर थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुमारास हमखास फिरतो. गोष्ट बहुतेक वेळा तिथूनच सांगितली जाते, त्यामुळे ती खरी वाटणं साहजिक आहे.

आधी तारखा पाहू. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश कॅथलिकांनी १५६५ मध्ये वसवलं, म्हणजे मेफ्लॉवरच्या ५५ वर्षं आधी. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नोंदी १५९४ पासूनच्या आहेत, अजून जपलेल्या. (वसई-गोव्याकडे घराण्याचा माग काढणारे चर्चच्या अशाच वह्या चाळतात.) इंग्रजांपुरतंच बोलायचं, तर व्हर्जिनियातलं जेम्सटाउनही १६०७ चं. जुनी कागदपत्रं कुठे शोधायची, असं वाटत असेल तर नकाशा उघडा: सान अंतोनियो, सांता फे, लॉस एंजेलिस. ही नावं स्पॅनिश आहेत, इंग्रजांनी ठेवलेली नाहीत.

आता स्वातंत्र्याचं. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते. त्यांतले साधारण निम्मेच धर्मासाठी निघालेले. त्यांना मोकळीक हवी होती ती स्वतःच्या पंथाला. त्यांनी वसवलेल्या प्लिमथच्या शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीत तर १६५९ ते १६६१ दरम्यान चार क्वेकरांना फाशी दिली. क्वेकरही ख्रिस्तीच, बरं का. हद्दपार केल्यावर ते परत आले, हा त्यांचा गुन्हा.

धर्मस्वातंत्र्याचं कलम राज्यघटनेत आलं १७९१ मध्ये, आणि तेही सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला लागू होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा कर १८३३ पर्यंत चालू राहिला.