इमॅक्सच्या विंडोशेजारची फट

इमॅक्स या जुन्या टेक्स्ट एडिटरची विंडो ओढून स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात चिकटवली, की पुष्कळदा तळाशी किंवा उजवीकडे एक बारीक फट राहते. शेजारचा ब्राउझर आपल्या अर्ध्यात चपखल बसलेला असतो. कोपरा धरून ताणायला जावं, तर विंडो सलग वाढत नाही, ठेचकाळत वाढते. नवखा माणूस आधी ग्राफिक्स ड्रायव्हर तपासतो, मग मॉनिटरची सेटिंग. तिथे काही सापडत नाही, कारण भानगड मापाची आहे. इमॅक्स स्वतःला अक्षरांत मोजतो, बाकीचा डेस्कटॉप पिक्सेलमध्ये.

अक्षरांत मोजायची रीत इमॅक्सहून जुनी. आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावर ८० रकाने होते. १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलच्या (मोठ्या संगणकाला जोडलेला, फक्त अक्षरं दाखवणारा पडदा आणि कीबोर्ड) पडद्यावरही ८० रकाने आणि २४ ओळी. इमॅक्सचा जन्म १९७६चा, एमआयटीतला. त्याचा आजचा अवतार, ग्नू इमॅक्स, १९८५चा. असल्या टर्मिनलवर अर्धं अक्षर ही चीजच नव्हती.

पुढे टर्मिनलच विंडोत शिरलं. १९८७मध्ये एक्स११ आलं, म्हणजे युनिक्सवर विंडो दाखवणारी व्यवस्था. तिच्यात एक सोय होती: प्रोग्रामने विंडो मॅनेजरला (विंडोंची जागा आणि आकार सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) सांगायचं, ‘माझा आकार इतक्या-इतक्या पिक्सेलच्या पटीतच बदल.’ ही पट म्हणजे एका अक्षराची रुंदी आणि एका ओळीची उंची. त्या काळाची खूण आजही दिसते. इमॅक्सला सुरू करताना ‘८०x२४+०+०’ असा आकार आणि जागा देता येते. त्यातले पहिले दोन आकडे आकाराचे, अक्षरांत; आणि पुढचे दोन जागेचे, पिक्सेलमध्ये! एकाच ओळीत दोन मापं, आणि वर्षानुवर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते स्नॅपिंगमुळे, म्हणजे विंडो कडेला ओढून चिकटवण्यामुळे. विंडो शेजारी-शेजारी मांडणं तसं नवं नाही. १९८५च्या विंडोज १.० मध्ये त्या एकमेकींवर चढतच नसत. पण विंडोज ७ने २००९मध्ये कडेला ओढून अर्धा स्क्रीन भरायची सवय घरोघरी लावली. आता हिशेब करा. १९२० पिक्सेलच्या स्क्रीनचा अर्धा भाग ९६०. अक्षर ९ पिक्सेल रुंद असेल तर १०६ अक्षरांचे ९५४ होतात, ६ उरतात. उंचीत १०४० पिक्सेल मिळाले आणि ओळ १९ची असेल, तर ५४ ओळींनंतर १४ उरतात. कडा आणि स्क्रोलबार यात धरलेले नाहीत, पण फट येते ती याच बाकीतून. जीव्हिम हा दुसरा एडिटर मोठा केल्यावर कडेला पट्टा दिसतो, त्याचंही दुखणं हेच.

गंमत अशी, की २००१च्या इमॅक्स २१पासून एकाच विंडोत कमी-जास्त रुंदीची अक्षरं आणि चित्रंही दाखवता येऊ लागली होती. मराठी मजकूर उघडा. ‘र’ आणि ‘क्ष’ एका मापाच्या चौकटीत कसे बसणार? तरी बाहेरचा आकार मूळ फॉन्टच्या एका अक्षरावरूनच ठरत राहिला. मला तरी हा निव्वळ आळस वाटतो.

ऑक्टोबर २०१४च्या २४.४ आवृत्तीत ‘फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज’ नावाची सेटिंग आली. (आपण जिला विंडो म्हणतो तिला इमॅक्स फ्रेम म्हणतो, त्याच्या लेखी विंडो म्हणजे फ्रेमच्या आतला भाग. मदत शोधताना इथेच माणसं चुकतात.) ही सेटिंग मुळात बंद असते. इनिट फाइलमध्ये (इमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ती चालू केली की पहिल्या फ्रेमपासून लागू होते. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपमध्ये दुसरी वाटही आहे: अमुक विंडोची आकाराची अट पाळू नकोस, असा नियम विंडो मॅनेजरलाच देता येतो.

सेटिंग चालू केल्यावर बाहेरची फट जाते. उरलेले पिक्सेल आत येतात, आणि मोड-लाइनच्या (तळाच्या माहितीपट्टीच्या) वरची शेवटची ओळ कधीकधी अर्धी कापलेली दिसते.