गायकवृंदांच्या परदेश दौऱ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये, नॅशव्हिल येथे गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी फिस्क ही शिक्षणसंस्था सुरू झाली, तीही लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकींमध्ये. पाच वर्षांतच ती कर्जापायी बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा तिचे खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांचा गायकवृंद घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी निधी जमवायला बाहेर पडले. गायकवृंदांच्या परदेश दौऱ्यांचा मागोवा घेताना या दिवसापाशी थांबावेच लागते.

सुरुवातीला हे ‘जुबिली सिंगर्स’ गोऱ्या श्रोत्यांच्या परिचयाचीच गाणी म्हणत. गुलामीच्या काळातील भक्तिगीते, म्हणजे स्पिरिच्युअल्स, चारचौघांत गाणे त्यांना नकोसे वाटे, कारण त्यांच्या लेखी ती पवित्र होती आणि वाडवडिलांच्या यातनांशी जोडलेली होती. वृंदातील पियानोवादक एला शेपर्ड यांनी लिहून ठेवले आहे की, बहुतेकदा फिस्कमधील प्राध्यापक स्पेन्स यांच्या बैठकीच्या खोलीत, खुर्च्या पुरत नसल्याने जमिनीवर बसून, ही गाणी ते हलक्या आवाजात एकमेकांकडून शिकत. पुढे याच गाण्यांनी त्यांना जगभर नेले. १८७३ मध्ये ब्रिटनमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर त्यांचे गायन झाले, आणि दौऱ्यांच्या कमाईतून १८७६ मध्ये पूर्ण झालेला जुबिली हॉल आजही उभा आहे. जे घराबाहेर ऐकू जाऊ नये म्हणून जपले होते तेच परक्यांपुढे मांडायला किती धैर्य लागले असेल, हे या यशाच्या हिशेबात सहसा धरले जात नाही.

मूळ संच १८७८ मध्ये विसर्जित झाला. मात्र त्यातील फ्रेडरिक लाउडिन यांनी १८८४ पासून सहा वर्षे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत आणि जपानपर्यंत नवा संच फिरवला. त्याच संचातील ऑर्फियस मॅकअडू १८९० मध्ये स्वतःचा वृंद घेऊन दक्षिण आफ्रिकेत गेले.

इथून देवाणघेवाण खऱ्या अर्थाने दुतर्फा झाली. मॅकअडूंच्या दौऱ्यापाठोपाठ, १८९१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील तरुण-तरुणींचा ‘आफ्रिकन क्वायर’ ब्रिटनला गेला आणि त्यानेही राणीसमोर गायन केले. कार्यक्रमाचा एक भाग पारंपरिक वेशात, तर दुसरा व्हिक्टोरियन पोशाखात होई. मिशनच्या शाळांत शिकलेल्या या गायकांना श्रोत्यांच्या मनातील आफ्रिका अंगावर चढवावी लागली, ही त्या दौऱ्याची बोचणारी बाजू होय.

नंतरच्या अमेरिका दौऱ्यात व्यवस्थापकांनी हात वर केले आणि वृंद परमुलखात अडकून पडला. तेथील कृष्णवर्णीयांच्या चर्चने काही गायकांच्या शिक्षणाची सोय ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात केली. त्यांपैकी शार्लट मान्ये, म्हणजे पुढच्या शार्लट मॅक्सेके, पदवी घेऊन मायदेशी परतल्या आणि १९१८ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांवरील पासच्या, म्हणजे सरकारी परवानापत्र जवळ बाळगण्याच्या, सक्तीविरुद्ध लढणारी ‘बांटू विमेन्स लीग’ स्थापन केली.