म्हातारपणाच्या सोयी : कुठली कुणासाठी निघाली

'आईसाठी एखादा चांगला वृद्धाश्रम सुचवा' असं ओळखीत विचारलं की पाच-सहा नंबर हमखास मिळतात. फोन करायला बसलं की गोंधळ सुरू होतो. एक संस्था उत्पन्नाचा दाखला मागते. दुसरीकडे फ्लॅट कितीला हे आधी सांगतात. तिसरीकडे पहिलाच प्रश्न येतो, 'स्वतःचं स्वतः करतात ना?' या सगळ्यांना आपण सरसकट वृद्धाश्रम म्हणतो, पण त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांसाठी निघालेल्या सोयी आहेत. नियम बघितले तर अजूनही तोच मूळचा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे असल्याचं जाणवतं.

सुरुवात निराधारांपासून झाली. पुण्यात नवी पेठेत आज 'निवारा' म्हणून ओळखली जाणारी संस्था मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1860 च्या दशकात उभी राहिली. तिचं नाव होतं डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. ज्याला कुणी नाही आणि ज्याला कष्ट करून पोट भरता येत नाही अशासाठी ती होती. कलकत्त्यात 1882 मध्ये 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या मूळच्या फ्रान्समधल्या संघाच्या नन्सनी गरीब वृद्धांची सेवा सुरू केली. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतली 'प्रोव्हेदोरिया' ही गरजूंना मदत करणारी सरकारी संस्था आजही वृद्धांची निवासगृहं चालवते. मुलंबाळं असलेला म्हातारा यात कुठेच नव्हता, कारण त्याची सोय घरात गृहीत धरलेली होती. मुंबईचा गिरणी कामगार निवृत्त झाला की फंडाचे पैसे घेऊन कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सून आली, नातवंडं आली की म्हाताऱ्यांना गाव गाठण्यावाचून इलाज नसे. गावी त्यांचं करणारी बहुतेक वेळा एखादी सून किंवा भावजयच असायची. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना तिला कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

राज्य सरकारनं 1963 मध्ये वृद्धाश्रमांची योजना काढली, तीही निराधारांपुरतीच. पुरुष साठीचे, स्त्रिया पंचावन्नच्या, संस्था स्वयंसेवी आणि अनुदान सरकारी, असा तो साचा. युती सरकारच्या काळात, 1995 मध्ये, मातोश्री वृद्धाश्रम योजना आली आणि चित्र जरा बदललं. शंभर जणांच्या आश्रमात निम्म्या जागा विनामूल्य, निम्म्या पैसे भरणाऱ्यांसाठी. वर्षाचं उत्पन्न 12,000 रुपयांच्या वर असेल तर महिना 500 रुपये. आकडा आज किरकोळ वाटेल, पण थोडीफार पेन्शन असलेला माणूसही इथे राहायला येऊ शकतो हे त्यातून सरकारनं मान्य केलं. पुढे 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा आला. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. पोटगीसाठी प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागता येते, एवढं लोकांना साधारण ठाऊक असतं. वृद्धाश्रमांबद्दलचं 19 वं कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही. गरीब ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात किमान एक, किमान 150 जणांचा आश्रम, असं ते सांगतं. पण शब्दयोजना अशी की सरकार असे आश्रम उभारू 'शकेल'. 'उभारील' असं तिथे म्हटलेलं नाही, आणि सगळा फरक तिथेच पडला.

दरम्यान पेन्शनर मध्यमवर्गानं आपली वेगळी वाट काढली होती. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे 'फेस्कॉम', 1980 मध्ये स्थापन झाला. महापालिकांची विरंगुळा केंद्रंही याच वर्गाच्या सोयीची. पेपर, कॅरम, भजन, वाढदिवस, डॉक्टरांचं व्याख्यान. दिवसभराची सोबत मिळते आणि संध्याकाळी माणूस आपल्या घरी जातो. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सोय हीच आहे. गंमत म्हणजे ज्येष्ठांच्या सोयींची यादी करताना ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलं परदेशी गेली, पुण्यात आणि ठाण्यात मोठी घरं रिकामी पडली, तेव्हा बिल्डर पुढे आले. अमेरिकेत ॲरिझोनातलं 'सन सिटी' हे निवृत्तांचं गाव 1960 मध्येच सुरू झालं होतं. आपल्याकडे हा विचार रुजायला चाळीसेक वर्षं लागली. या शतकाच्या सुरुवातीला परांजपे स्कीम्स या बिल्डरची 'अथश्री' ही ज्येष्ठांची वसाहत पुण्यात आली आणि नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशन या संस्थेची वसाहत उभी राहिली. इथे राहणाऱ्याला कुणी 'ठेवलेलं' नसतं, त्यानं घर घेतलेलं असतं किंवा अनामत भरलेली असते. पथ्याचं जेवण, बाथरूममध्ये धरायला दांडी, पलंगाशी घंटा. मात्र हा सगळा हिशेब साठी-सत्तरीतल्या, चालत्याफिरत्या जोडप्याला धरून केलेला. जोडप्यातलं एक गेलं आणि मागे राहिलेल्यानं नव्वदी गाठली, की हिशेब कोलमडायला लागतो.

अंथरुणाला खिळलेल्यांची सोय या सगळ्यात शेवटी आली आणि अजून ती धड जमलेली नाही. शहरातली घरं आजही 'ब्यूरो'वर, म्हणजे घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीवर, चालतात. बारा तासांची मावशी किंवा मामा, चोवीस तासांचा दर वेगळा, रजेवर गेले तर बदली. डायपर बदलणं, कूस पालटून देणं, नळीतून पाजणं, हे बरंचसं ती मावशी कामावरच शिकते. प्रशिक्षण असेलच असं नाही. स्मृतिभ्रंशाचा आजार वेगळा आहे हे संघटितपणे मांडणारी एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था 1992 मध्ये केरळात सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ आपण 'वयानं भ्रमिष्ट झालेत' यावर भागवलं. असा माणूस रात्री उठून दाराची कडी काढतो, म्हणून साधे वृद्धाश्रम त्याला घ्यायला बिचकतात. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' 1986 मध्ये निघालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारं ठिकाण. पण तिथे निकष आजाराचा आहे, वयाचा नाही. नुसत्या वार्धक्यानं झिजत चाललेल्या माणसाला तिथे प्रवेश नाही.

नियमनही असंच तुकड्यातुकड्यांनी आलं. केंद्राची निवृत्तिगृहांसाठीची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं 2019 ची. महारेरानं, म्हणजे राज्यातल्या बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम दिले, ते चांगले बारकाईचे आहेत. दार किमान 900 मिलिमीटर रुंद हवं, म्हणजे व्हीलचेअर जाते. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. लिफ्टमध्ये दिसणारी आणि ऐकू येणारी सूचना. स्वयंपाकघरात गॅसगळती कळवणारी यंत्रणा. पण हे नियम बिल्डरच्या नव्या इमारतींसाठी, आणि त्यांचा रोख बांधकामावर. बंगला भाड्यानं घेऊन वीस खाटा टाकणाऱ्या केअर सेंटरला ते लागू पडत नाहीत. तिथे रात्रपाळीला किती मावश्या असतात, नर्स मुक्कामी असते की फोनवर, आणि रुग्ण अंथरुणाला खिळला तर 'नातेवाइकांनी घेऊन जावे' असं कलम आहे का, हे प्रवेश घेणाऱ्यानंच अर्ज वाचून आणि एकदा रात्री नऊनंतर जाऊन बघून घ्यावं लागतं.